शेततळ्यात पाणी कुठून आलं?

नाशिक

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाणलोटाच्या कामांचं मूल्यमापन तुझ्याकडे आलंय, उपग्रहाची चित्रं आणि गावकऱ्यांच्या मुलाखती दोन्ही एआयकडून वाचून घ्यायचं ठरलंय, आणि मसुदा महिनाभरात हवाय. वापर एआय, मी अडवणार नाही. सुरगाण्यापासून नांदगावपर्यंत एसटीने फिरून आम्ही प्रश्नावल्यांचे गठ्ठे आणायचो आणि त्यातले कितीतरी कुणी उघडलेही नाहीत. लोकांनी मजुरी बुडवून दिलेली उत्तरं कपाटात पडून राहतात, त्याचं मला अजून वाईट वाटतं. ती सगळी कुणी वाचणार असेल तर आनंदच आहे.

पण सिन्नरच्या पूर्वेकडच्या एका गावाचं सांगते. एक मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. एआय मॉडेलने मार्च महिन्यातल्या उपग्रहचित्रांवरून गावातले पाणीसाठे मोजले होते. योजनेआधी दोन-तीन निळे ठिपके, योजनेनंतर शिवारभर. निष्कर्ष लिहिला होता की जलसंधारणामुळे साठा वाढला. मी गावात गेले. ते ठिपके म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी होती. एका शेतकऱ्याने विहिरीवरची मोटर दाखवली, तिथून तळ्यापर्यंत गेलेला पाइप दाखवला. पावसाळा सरताना विहीर उपसून तळं भरायचं आणि उन्हाळ्यात त्यावर डाळिंब जगवायचं. बाग जगवणाऱ्याला मी दोष देत नाही. पण जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात ठेवलं होतं, वाफ होऊन ते उडत होतं, आणि खालच्या वस्तीची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली होती. मॉडेलने पाणी अचूक ओळखलं होतं. ते कुठून आलं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी सांगणार कशावरून? विहिरींच्या पातळीची नोंद त्याला दिलेलीच नव्हती.

म्हणून चित्रांच्या शेजारी निरीक्षण विहिरींचे आकडे ठेव. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चारदा पातळी मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मे महिन्याचा आकडा आधी बघ. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर 9,600 कोटींहून अधिक खर्च झाला आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, म्हटलं, तो अहवाल 2020 मध्ये विधिमंडळात आला. कामं झालीच नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. किती बंधारे झाले आणि पाणी किती वाढलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फोटो फक्त पहिल्याचं उत्तर देतो. (तेही नेहमी देतो असं नाही. रोजगार हमीच्या हजेरी ॲपवर फोटोचाच फोटो काढून चढवला जात होता, हे जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रकात लिहिलं.)

पावसाचं भान सोडू नकोस. 2018 मध्ये राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पुढच्याच वर्षी पाऊस दणकून झाला. 2018 ला बेसलाइन, म्हणजे तुलनेचं आधीचं वर्ष, धरलंस तर कुठलीही योजना यशस्वी ठरेल. तेवढाच पाऊस, तशीच जमीन आणि योजना न पोहोचलेलं असं तुलनेचं गाव शोध. अशी गावं निवडायला एआय फार उपयोगी पडतं. आम्हाला त्यासाठी महिने लागायचे. निफाड-दिंडोरीत मात्र आणखी एक खबरदारी घे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबाग बोडकी दिसते आणि मॉडेलला पीक गेल्यासारखं वाटतं. छाटणीच्या तारखा शेतकऱ्याला विचारूनच महिने ठरव.

आता मुलाखती. माझी खरी काळजी इथेच आहे. पेठ तालुक्यात नळयोजनेबद्दल विचारलं तेव्हा एक बाई म्हणाली होती, "येतंय की पाणी. तुम्ही येणार म्हणून कालपासून येतंय." यंत्राने सारांश काढला: पाणीपुरवठा सुरू, लाभार्थी समाधानी. दुसरं वाक्य गेलं, आणि सगळं काही त्या दुसऱ्या वाक्यातच होतं. मी रेकॉर्डिंग ऐकलं नसतं तर ती बाई आमच्या तक्त्यात कायमची समाधानी म्हणून राहिली असती. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासींची कोकणी बोली, बागलाण-मालेगावकडची अहिराणी प्रमाण मराठीत उतरवताना यंत्र अडखळतं, आणि अडखळल्याचं सांगत नाही, सफाईदार वाक्य लिहून मोकळं होतं. त्यामुळे आवाजाची फाइल कधी पुसू नकोस, आणि ती बोली ऐकत वाढलेलं माणूस सोबत घे.

यंत्राला द्यायच्या आधी चाळीस मुलाखती तू स्वतः वाच आणि वर्गवारी लाव. तुझ्या सहकाऱ्यालाही त्याच चाळीस वेगळ्या बसून वाचायला सांग. मग यंत्राची वर्गवारी शेजारी ठेव. तिघांचं कुठे बिनसतं ते टक्क्यांत अहवालात लिही, परिशिष्टात ढकलू नकोस. यंत्राने "समाधानी" म्हटलेल्यांतल्या काही चिठ्ठ्या उचलून मूळ आवाज ऐक. "असमाधानी" तू तपासशीलच, त्या डोळ्यात भरतात.

आणि लाभार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, मुलांची वजनं कुठल्याही खुल्या चॅटबॉटमध्ये टाकू नकोस. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण ओट्यावर बसवून चहा देणाऱ्या माणसाने आपल्याला विश्वासाने सांगितलेलं असतं.

महिन्याची मुदत कमी आहे, वरिष्ठांना तसं लेखी कळव. माझं नाव घे हवं तर.

रविवारी सकाळी घरी ये. चाळीस मुलाखती छापून आण, दोन प्रती. हेडफोनही आण. पेठच्या गावांपासून सुरुवात करू.

तुझी,
ताई