निरभ्र आकाशात दोन लढाऊ विमानं एकमेकांवर आदळतातच कशी?

तुम्ही विचारलंय: एवढं मोठं आकाश, नाकात रडार, तरी विमानवाहू नौकेवरची दोन विमानं धडकतात; ही वैमानिकांची बेपर्वाईच ना?

नाही. मी भारतीय नौदलाच्या ‘विराट’ या विमानवाहू नौकेच्या फ्लाइट डेकवर काम केलंय, निवृत्तीनंतर नेरुळला राहतो. ‘बेपर्वाई’ हा शब्द मनाला लागला, म्हणून लिहितोय.

आकाश मोठं असलं तरी नौका एकच असते. सगळी तिथूनच उडतात, इंधन संपत आलं की तिथंच परततात. अमेरिकी नौदलात दिवसा, स्वच्छ हवेत परतणारी विमानं नौकेभोवती थराथरांत घिरट्या घालतात. दोन थरांत अंतर 1000 फूट, रेडिओवर बोलणं जवळपास बंद, सगळी भिस्त डोळ्यांवर. रडार समोरचं बघतं. बाजूनं किंवा मागून येणारं त्याला दिसत नाही.

आणि डोळा फसतो. पाम बीच रोडवर बाजूच्या रस्त्यानं येणारी गाडी तुमच्या काचेत मागे सरकत असेल, तर ती मागून निघून जाईल. एकाच जागी राहून नुसती मोठी होत असेल, तर ब्रेक दाबा. नौदलात हे अगदी सुरुवातीला शिकवतात: बेअरिंग, म्हणजे समोरचा ज्या दिशेला दिसतो ती दिशा, बदलत नाही आणि अंतर घटतंय, म्हणजे टक्कर. पण नजर टिपते ती हलणारी वस्तू. स्थिर ठिपका तिच्यातून निसटतो. कॉकपिटच्या चौकटीआड गेला तर तिथंच लपून राहतो. त्यात जोडीदार विमानाला गाठताना वैमानिक मुद्दाम बेअरिंग स्थिर ठेवूनच जवळ येतात. म्हणजे धोक्याची खूण हीच रोजच्या कामाची रीत.

आता वेळ बघा. प्रत्येकी 300 नॉट (ताशी सुमारे 555 किलोमीटर) वेगानं समोरासमोर आलेली दोन विमानं सेकंदाला 300 मीटरहून जास्त अंतर कापतात. दिसणं, ओळखणं, ठरवणं, विमान वळणं, या सगळ्याला अमेरिकी विमान वाहतूक प्रशासन 12.5 सेकंद धरतं. म्हणजे जवळपास चार किलोमीटरवरून दिसायला हवं, आणि तेव्हा समोरचं विमान हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढं असतं. प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा ‘वर जा, खाली या’ असं ओरडून सांगते. लढाऊ विमानांत ती सहसा नसते.

12 सप्टेंबर 2014 ला पश्चिम प्रशांत महासागरात ‘कार्ल व्हिन्सन’ या अमेरिकी विमानवाहू नौकेची दोन हॉर्नेट लढाऊ विमानं अशीच आदळली. एका वैमानिकाला समुद्रातून जिवंत काढलं. दुसऱ्याचा खूप शोध घेतला, तो सापडलाच नाही.