सी शार्पमध्ये लूप चालवून २४ बटणं बनवली, कुठलंही दाबलं तरी २५ च येतं. प्रत्येकाचा क्लिक वेगळा कसा पकडायचा?

हा २५ मी भर रविवारी खाल्लेला आहे, म्हणून लिहितोय.

२००९ साल. कोल्हापुरातल्या एका मटण थाळीच्या हॉटेलचं बिलिंग विनफॉर्म्समध्ये, म्हणजे डॉट नेटच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत, करत होतो. टेबलं २४. आमचे सीनियर व्हीबी सिक्समध्ये, म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये, मुरलेले. तिथे कंट्रोल अ‍ॅरे होता, म्हणजे एकाच नावाची नंबर दिलेली बटणं; क्लिकच्या हँडलरला, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, कुठलं बटण दाबलं तो इंडेक्स आयता मिळायचा. डॉट नेटमध्ये तो गेला याचा त्यांना मनापासून राग. म्हणे, डिझायनरवर २४ बटणं ठेव, एकेकावर डबलक्लिक कर, २४ हँडलर लिही. मी म्हटलं, उद्या मालकानं गच्चीवर टेबलं टाकली तर? परत नवी एक्झी (प्रोग्रॅमची फाइल) घेऊन पळायचं? टेबलं डेटाबेसमधून वाचली, लूपमध्ये बटणं बनवली, क्लिकला लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) लावला आणि त्यात आय, म्हणजे लूपचा मोजणारा आकडा, दिला. तुमच्यासारखाच. तपासलं ते फक्त बटणं नीट दिसतात का एवढंच.

लॅम्डा आयची त्या क्षणाची व्हॅल्यू धरत नाही, आख्खं व्हेरिएबलच धरतो, आणि ते सगळ्या बटणांत एकच असतं. गिऱ्हाईक येईपर्यंत लूप कधीच संपलेलं, आणि आय २५ झाल्याशिवाय ते संपत नाही. तुमच्याकडे २५ नंबरचं टेबल नाही, म्हणून लगेच कळलं. आमच्याकडे २५ म्हणजे पार्सल! दीड वाजता मालकांचा फोन: "ओ साहेब, हाटेल तुडुंब हाय आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय टेबलं मोकळी. पार्सलचं बिल अकरा हजारावर गेलंय, ते कुणाला देऊ?"

लूपच्या आत आयची एक प्रत वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लॅम्डात ती वापरा, काम होतं. मी मात्र आता लॅम्डा लावतच नाही. टेबल नंबर बटणाच्या टॅगमध्ये (हवी ती माहिती ठेवायची जागा), सगळ्यांना एकच हँडलर, आणि आत सेंडरला, म्हणजे हँडलरला मिळणाऱ्या दाबलेल्या बटणाला, बटण म्हणून कास्ट करून टॅग वाचायचा. सेंडर असताना कंट्रोल अ‍ॅरेसाठी रडणाऱ्यांची मला कीव येते.

सीनियर म्हणाले, "सांगत होतो." हे वाक्य पुढे दोन वर्षं ऐकलं. पण त्याच प्रोग्रॅममध्ये भरलेल्या टेबलांचे रंग बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. ते दर ३० सेकंदांनी पॅनेलवर क्लिअर मारायचे आणि माझंच फंक्शन बोलावून सगळी बटणं नव्यानं बनवायचे. क्लिअर बटणं पॅनेलवरून काढतं, डिस्पोज करत नाही, म्हणजे त्यांनी अडवलेलं काही सोडत नाही. त्यांची विंडो हँडलं, म्हणजे विंडोजनं प्रत्येक बटणाला दिलेले ओळख-नंबर, तशीच लटकत राहतात. अशा खिडक्या-बटणांना विंडोज यूजर ऑब्जेक्ट म्हणतं, आणि एका प्रोसेसला ती मुळात १०,००० च देतं. तासाला २,८८० बटणं, म्हणजे अकराला दुकान उघडलं की अडीचच्या सुमारास विंडो हँडल बनवता येत नाही अशी एरर, तीही ऐन गर्दीत. दोष अर्थातच माझ्या रनटाइम बटणांना. अहो, रंगच बदलायचा होता तर बॅककलर बदला की! बटणं काढायचीच असतील तर शेवटाकडून सुरुवातीकडे जात एकेक डिस्पोज करा. डिस्पोज झालेलं बटण यादीतून आपोआप निघतं, सरळ लूप चालवलंत तर मधली सुटतात.

हो, एक राहिलं. तुमचं लूप फॉरईच असेल तर २०१२ च्या सी शार्प ५ पासून हा घोळ होत नाही. साध्या फॉरमध्ये आजही होतो. व्हीबी डॉट नेटवाल्यांनी हँडलर जोडायला अ‍ॅडहँडलर वापरावा, सेंडर तिथेही तोच.

गच्चीवर पुढे खरंच सहा टेबलं आली. एक्झी घेऊन पळावंच लागलं, कारण पार्सलचा २५ मी कोडमध्येच लिहून ठेवला होता. सीनियरना हे अजून माहीत नाही.