वहिनींच्या तिकिटावर नणंद जाईल का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझ्या धाकट्या भावाचं केरळात त्रिशूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे, त्याच्या नव्या घराची वास्तुशांत आहे म्हणून माझं न् बायकोचं पुणे ते कोची विमानाचं तिकीट एजंटकडून काढलं. गेल्या आठवड्यात बायको जिन्यावरनं घसरली, पायाला प्लास्टर. आता तिच्या जागी माझ्या बहिणीला न्यायचं म्हणतोय. एजंट म्हणतो रिफंड शून्य मिळेल, त्यापेक्षा दीड हजार द्या, नाव बदलून देतो. रेल्वेला आम्ही एकदा माझं तिकीट भावाच्या नावावर करून घेतलं होतं, मग विमानाला होत असेल ना? – एक वाचक, विटा

उत्तर : दादा, आधी एक सांगते, ते दीड हजार देऊ नका. दिले असतील तर आजच मागून घ्या. आपल्याकडं विमानाचं तिकीट एकाच्या नावावरनं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, नवरा-बायकोत नाही, बहीण-भावात नाही, कुणाचंच नाही. नाव कंपनीच्या सिस्टीममध्ये पीएनआरला चिकटलेलं असतं. एजंट फार तर काय करेल, पीडीएफमध्ये नाव खोडून तुमच्या बहिणीचं टाकेल न् प्रिंट हातात देईल, ती कागदावर अगदी खरी दिसेल, पण चेक-इनला स्क्रीनवर वहिनींचंच नाव येणार आणि गेटवर बहिणीच्या आधारशी ते जुळणार नाही. वर खाडाखोड केलेलं तिकीट दाखवलं म्हणून चौकशी मागं लागेल ती तुमच्या बहिणीच्या, एजंट तिथं नसेल.

रेल्वेचं वेगळं आहे. तिथं कन्फर्म तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको एवढ्यांच्या नावावर होतं, गाडी सुटायच्या २४ तास आधी रिझर्व्हेशन ऑफिसला अर्ज द्यावा लागतो आणि तेही एकदाच. त्यात नणंद-भावजय बसत नाही बरं का, म्हणजे वहिनींचं तिकीट तुमच्या बहिणीच्या नावावर रेल्वेनंही केलं नसतं.

विमानाला असं का, तर एक सुरक्षा, आत कोण चाललंय ते ओळखपत्रावरून कळलंच पाहिजे. दुसरं म्हणजे भाडं. आज तीन हजारचं तिकीट सुटायच्या आदल्या दिवशी आठ हजार होतं, नाव बदलता आलं असतं तर दलालांनी स्वस्तात शंभर तिकिटं उचलून ठेवली असती न् आपल्याला चढ्या भावानं विकली असती. युरोपात रायनएअर, ईझीजेटसारख्या कंपन्या जादा पैसे घेऊन नाव बदलून देतात, पण त्याचा आपल्याला इथं उपयोग नाही.

आणि "रिफंड शून्य" हे तर मला अजिबात पटलं नाही. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे की कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे अगदी स्वस्तातलं, नॉन-रिफंडेबल तिकीट असलं तरी सरकारी टॅक्स आणि विमानतळाची यूडीएफ वगैरे फी परत द्यावीच लागते, माणूस गेलाच नाही तरी. एजंटची स्वतःची फी तेवढी परत येत नाही. तेव्हा त्याच्याकडून भाड्याची फोड मागा, मूळ भाडं किती, टॅक्स किती, आणि बुकिंगला मोबाईल नंबर न् ईमेल तुमचा टाकलाय का त्याचा तेही बघा, बऱ्याचदा त्याचाच असतो आणि मग रिफंडचा मेसेज आपल्यापर्यंत पोचतच नाही. टाळाटाळ केली तर थेट विमान कंपनीला फोन लावा, एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही कंपनीचीच असते. तिथंही दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका.

दोघं एकाच पीएनआरवर असाल तर फक्त वहिनींचं कॅन्सल करायला सांगा, नाहीतर तुमचंही जाईल. प्लास्टर निघाल्यावर त्या जाणार असतील तर तारीख बदलायला काय पडतं तेही विचारा आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवून बघा. बहिणीचं तिकीट मात्र नवंच काढावं लागेल, आणि जितका उशीर कराल तितकं ते महाग पडेल.

प्रश्न : सुनेचं तिकीट सासरच्या नावानं काढलंय, आधारवर माहेरचं नाव आहे. चालेल का? – कोरेगावहून एक सासूबाई

उत्तर : नाही चालणार काकू, आणि हे मी पोळलेय म्हणून सांगते. आमच्या शेजारच्या शालनकाकूंचं दिल्लीचं तिकीट मी काढलं होतं, लेकीचं बाळंतपण होतं. पुण्याच्या विमानतळावर गेटवरच्या जवानानं आधार बघितलं, त्यावर हौसाबाई. लग्नात नाव बदललेलं, आधार जुन्या नावाचं, आणि मी चाळीस वर्षं त्यांना शालनकाकूच म्हणत आलेली, विचारायचं सुचलंच नाही मला. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन त्या बाहेर बाकड्यावर बसून राहिल्या न् विमान गेलं. तो डबा अजून डोळ्यासमोरनं जात नाही माझ्या.

तुमच्या सुनेचं अजून हातात आहे. कंपनीच्या साईटवरून थेट काढलं असेल आणि २४ तास झाले नसतील तर नावातली चूक फुकट दुरुस्त करून देतात. त्यानंतर नुसतं आडनाव बदललं असेल तर आधार आणि लग्नाचं सर्टिफिकेट जोडून कंपनीला मेल करा, माणूस तोच आहे हे पटलं तर बऱ्याचदा करून देतात. पहिलं नावही वेगळं असेल तर अवघड आहे, सिस्टीमला तो दुसराच माणूस दिसतो, तरी कागद पाठवून आजच विचारा, जायच्या दिवसापर्यंत थांबू नका. आणि पुढच्या वेळी तिकीट काढताना सुनेला नाव विचारण्यापेक्षा तिच्या आधारचा फोटोच मागवून घ्या, इंग्रजी स्पेलिंगसकट.