मेंबरशिपचे आठ लाख अजून तुमचे नाहीत

पिंपळे सौदागरहून एका सलूनमालकाचं पत्र आलंय. वय 38, घरी पत्नी आणि दोन मुली. चार खुर्च्यांचं दुकान, तीन कारागीर आणि चौथ्या खुर्चीवर ते स्वतः. दिवाळीत दोन इमारती पलीकडे एका मोठ्या साखळीचं चकाचक सलून उघडलं. त्यांचा प्रश्न असा : छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतून दहा लाखांचं कर्ज काढून दुकान नवं करू, की पंचवीस लाख घालून दुसऱ्या एका साखळीची फ्रँचाइझी घेऊ? गल्ला महिन्याला 2 लाख 40 हजार आहे. भाडं, पगार-कमिशन, माल आणि वीज मिळून दीड लाख जातात आणि नव्वद हजार सुटतात, म्हणून हप्ता झेपेल असं त्यांना वाटतं.

शेवटी ताजा कलम म्हणून दोन वाक्यं आहेत. साखळीला तोंड द्यायला त्यांनी मेंबरशिप काढली : पाच हजार भरा, वर्षात सात हजारांचं काम करून घ्या. आठ महिन्यांत 160 जणांनी घेतली. त्या पैशातून मार्चमध्ये बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून अडीच लाख 'गॅरंटीड' योजनेत टाकले.

माझं जवळजवळ सगळं उत्तर या ताज्या कलमाला आहे.

160 गुणिले पाच हजार म्हणजे आठ लाख. आठ महिन्यांत, म्हणजे महिन्याला एक लाख. तुमच्या 2 लाख 40 हजारांतले हे एक लाख कमाई नाहीत, उसनवारी आहे. ती फेडायची आहे कात्रीने आणि रंगाने. रोजच्या गिऱ्हाइकाचा गल्ला 1 लाख 40 हजारच आहे आणि खर्च दीड लाख. उद्या मेंबरशिप विकली जाणं थांबलं तर दुकान महिन्याला दहा हजारांनी तोट्यात जाईल, वर घरखर्चाचे 45 हजार. खात्यात लाखभर शिल्लक आहे असं तुम्ही लिहिता. ती दोन महिने पुरेल.

आता देणं बघा. 160 जणांना तुम्ही 11 लाख 20 हजारांच्या कामाचा शब्द दिलाय. तुमच्या वहीप्रमाणे तीन लाखांचं झालं. म्हणजे आठ लाखांहून जास्त काम बाकी आहे. ती माणसं येणार, खुर्ची अडवणार, केराटिन आणि ग्लोबल कलर करून घेणार आणि गल्ल्यात एक रुपया न टाकता जाणार. त्यांच्यासाठी माल मात्र रोखीनं आणावा लागेल आणि कारागिराचं कमिशनही रोखच द्यावं लागेल. तो खर्च भागवायला आणखी मेंबरशिप विकाव्याशा वाटतील. कृपा करून ते करू नका. निम्म्या लोकांची मुदत संपेल, हा हिशोबही मनातून काढा. मुदत संपली म्हणून परत पाठवलेलं गिऱ्हाईक त्या साखळीतच जाऊन बसतं.

आणि हे दुसऱ्याचे पैसे तुम्ही पंधरा वर्षांसाठी अडकवलेत! योजनेचा कागद वाचला, ती विमा पॉलिसी आहे. दरवर्षी अडीच लाख, दहा वर्षं, म्हणजे पंचवीस लाख. पंधराव्या वर्षाअखेर 45 लाख. साहेब याला 'जवळपास दुप्पट' म्हणाले. हिशोब केला तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून कित्येक वर्षं 7.1 टक्के राहिला आहे आणि तिथे अडीच लाख भरायची सक्तीही नाही. बरं, विमा म्हणून बघावं तर संरक्षण फक्त पंचवीस लाखांचं. तुमचे हात हीच घरची मिळकत आहे आणि दोन्ही मुली शाळेत. एवढ्यात त्या घराची किती वर्षं निघतील?

मला राग येतो तो पुढच्या वाक्याचा : 'पॉलिसी घेतली तर मुद्राची फाईल लवकर हलेल असं साहेब म्हणाले.' कर्जासाठी अशा पॉलिसीची अट कोणतीही बँक घालू शकत नाही. कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता आली असती, ती मुदत गेली. पण फसवून विकल्याची लेखी तक्रार आधी विमा कंपनीकडे आजच करा, साहेबांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडून. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे आणि फी लागत नाही. तिथेही काही झालं नाही तरी पुढच्या मार्चचा हप्ता भरू नका. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर पहिलं वर्ष संपल्यावर काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर परत येणारे पैसे, मिळते. ती किती, हे कंपनीकडून लेखी घ्या. नुकसान होईल. पण एका हप्त्यावरचं नुकसान दहा हप्त्यांच्या चुकीपेक्षा पुष्कळ स्वस्त.

त्याऐवजी साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा. एक कोटीला या वयात, तंबाखू नसेल तर, वर्षाला साधारण वीस हजार. किती रकमेचा मिळेल हे आयकर विवरणपत्रातल्या उत्पन्नावर ठरतं, म्हणून विवरणपत्र नीट भरा. चौघांचा आरोग्य विमा तर पत्रात कुठेच नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाची कंबर महिनाभर धरली तर चौथी खुर्ची रिकामी. तोही घ्या. सप्टेंबर 2025 पासून या दोन्ही विम्यांवर जीएसटी नाही.

जीएसटीवरून आठवलं. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. तुमची त्याच्या वर आहे आणि सेवेसाठी आगाऊ घेतलेल्या पैशावरही कर लागतो. सलूनचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, मात्र मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. याच आठवड्यात सीएकडे जा.

आता तुमचा प्रश्न. दहा लाख, पाच वर्षं, बारा टक्के धरा : हप्ता बावीस हजार. अडीचशेच्या कटिंगमधून माल आणि कमिशन वजा जाता तुमच्या हाती 165 रुपये राहतात. सोमवार बंद, म्हणजे 26 दिवस. रोज पाच जादा कटिंग निव्वळ हप्त्यासाठी. भिंती नव्या केल्या म्हणून पाच माणसं जास्त येतील, याला आधार काय? उत्तर : आत्ता नाही. फ्रँचाइझीवर तर शब्दही घालवत नाही. पंचवीस लाख देऊन वर रॉयल्टी भरत बसायची तुमची स्थिती नाही.

साखळीकडे एसी आहे, जाहिरात आहे. पण तिथे कारागीर बदलत राहतात. तुमच्याकडे येणाऱ्याला आपल्या डोक्यावरचा भोवरा ओळखणारा हात हवा असतो. तो हात टिकवायला पैसे लागतील, तेही कर्जाविना. तुमचा जुना कारागीर पलीकडे गेला तर त्याची गिऱ्हाइकं पाठोपाठ जातील, म्हणून रंगाच्या आणि लग्नाच्या कामात त्याचा टक्का वाढवा. प्रत्येक रंगाच्या गिऱ्हाइकाचा शेड नंबर आणि तारीख वहीत लिहा, पाचव्या आठवड्यात त्याला मेसेज करा. रविवारी चार जण वाट बघून परत जातात असं तुम्हीच लिहिलंय. ते रोख देणारे आहेत! मेंबर मंडळींना विनंती करा की मंगळवार ते शुक्रवार दुपारी या, हेड मसाज आमच्याकडून. सक्ती मात्र नको, त्यांनी पैसे भरलेत.

नवी मेंबरशिप आजपासून बंद. श्रावणात दाढी-कटिंग उतरते, तेव्हा गल्ला आणखी खाली येईल, त्याची तयारी ठेवा. प्रत्येक मेंबरची बाकी एका पानावर मांडा आणि दर शनिवारी बेरीज करा. ती दोन लाखांच्या खाली आली आणि मेंबरशिपशिवायचा गल्ला सलग तीन महिने 1 लाख 90 हजारांवर राहिला, तर मला पुन्हा लिहा. मग कर्जाचं बोलू, आणि तेही आधी तीन लाखांचं.