समुद्र वर, आकाश गायब

प्रश्न : माळ्यावर बाबांचा १९९४ सालचा पीसी सापडला. टर्बो सी (सी भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याचं जुनं सॉफ्टवेअर) अजून चालतं. ३२० बाय २०० मध्ये २५६ रंगांचं चित्र नीट येतं. पण वेसाच्या (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांसाठी ठरवलेल्या सामाईक पद्धतीच्या) ६४० बाय ४८० मोडमध्ये देवगड बंदराचा फोटो दाखवायला गेलो, तर वरच्या पट्टीत नुसतं पाणी आणि होड्या, त्याही चिरलेल्या. खाली काळोख. ग्राफिक्स कार्ड गेलं का?
– एक वाचक, जामसंडे

उत्तर : कार्डाला बोल लावू नका, ते धडधाकट आहे. आपल्या खाऱ्या हवेने त्याच्या कडेचे सोनेरी दात काळे पडले असते, तर पडदाच लागला नसता. (तरी एकदा खोडरबराने घासून घ्या, पण वायर काढून! न काढता घासणारा एक महाभाग माझ्या क्लासमध्ये होता.)

चूक हिशेबात आहे. २५६ रंगांत दर ठिपक्याला एक बाइट, म्हणून ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० बाइट. ए००० सेगमेंटला (मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्याला) ग्राफिक्ससाठी जी खिडकी मिळते, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा जो तुकडा तिथे दिसतो, ती ६५,५३६ बाइटांची. चित्र मावतं, वर थोडी जागा उरते. ६४० बाय ४८० ला मात्र ३,०७,२०० लागतात. टर्बो सीचा अनसाइन्ड इंट (१६ बिटांचा, उणे नसलेला पूर्णांक) ६५,५३५ च्या पुढे गेला की पुन्हा शून्यावर. म्हणजे वरच्या त्याच १०२ ओळींवर तुम्ही चार-पाच वेळा रंग चढवलात. आकाश आधी, पाणी शेवटी, म्हणून पाणीच उरलं. आणि होड्या चिरल्या, कारण ६५,५३६ ला ६४० ने पूर्ण भाग जात नाही. १०३ व्या ओळीत २५६ ठिपके झाले की खिडकी संपते. शेवटची फेरी मूळ चित्राच्या ४१० व्या ओळीतल्या ३८५ व्या ठिपक्यापासून सुरू होते, आणि तो येऊन बसतो पडद्याच्या डाव्या कडेला.

तेव्हा कार्डाच्या मेमरीवरून खिडकी सरकवायची. ऑफसेट (चित्राच्या सुरुवातीपासून ठिपक्याचं अंतर) लाँगमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या आकड्यात, मोजा, आणि ओळीचा आकडा गुणाकाराच्या आधीच लाँग करा. नंतर करून उपयोग नाही. वरचे १६ बिट म्हणजे खिडकीचा क्रमांक, खालचे १६ म्हणजे खिडकीतली जागा. क्रमांक बदलला तरच इंटरप्ट १० ला (हा आकडा हेक्समधला; कार्डाच्या बायोसला हाक मारायची ही वाट) ४एफ०५, म्हणजे 'खिडकी सरकव', असं सांगा. दर ठिपक्याला सांगत बसलात, तर आंब्याची साठं वाळतील पण चित्र पुरं व्हायचं नाही.

मी स्वतः आधी वेसाला जुमानत नव्हतो. रत्नागिरीतल्या क्लासमध्ये त्सेंग कंपनीचं ईटी४००० कार्ड होतं, त्याच्या ३सीडी पोर्टवर (खिडकी सरकवणाऱ्या पत्त्यावर) मी थेट लिहायचो. त्या बाइटचे खालचे चार बिट लिहिण्याच्या खिडकीचे, वरचे चार वाचण्याच्या, हे कळायला दोन रात्री गेल्या. तोवर माउसचा बाण जिथून हलायचा, तिथे भलत्याच जागेचा तुकडा चिकटायचा. आमचा मालवणचा मदतनीस म्हणाला, "मास्तरांनू, तुमचो उंदीर लेंड्यो टाकता!" पुढे त्या मशीनला ट्रायडेंटचं कार्ड बसलं आणि माझा सगळा कोड वाया गेला, कारण त्याची खिडकी भलत्याच रजिस्टरने सरकते. तेव्हा वेसाची वाट धरली.

एक खाचखळगा तिथेही आहे. खिडकी किती पावलांनी सरकते, हे कार्डागणिक बदलतं. कुठे ६४ केबी, कुठे ४. आधी ४एफ०१ ने विचारा. तुमच्या कार्डाने ४ सांगितलं, तर दुसऱ्या खिडकीसाठी डीएक्समध्ये (प्रोसेसरच्या ज्या रजिस्टरमधून ४एफ०५ ला जागा कळते, त्यात) १ नाही, ६४ भागिले ४ म्हणजे १६ घालायचे.