कापड शाबूत, शिवण मात्र उसवली

प्रश्न : अंगणातल्या झोपाळ्याला कॅनव्हासच्या गाद्या शिवून घेतल्या. एकाच उन्हाळ्यात वरच्या कडा उसवल्या. कापड चांगलं आहे. त्याच शिवणीवर पुन्हा शिलाई मारू का? (अमळनेर)

उत्तर : आधी दोरा तपासा. उसवलेल्या कडेचा एक तुकडा ओढा आणि गादीच्या खालच्या, ऊन न लागलेल्या शिवणीचाही. वरचा चिमटीतच तुटला आणि खालचा ओढूनही तुटला नाही, तर दोष उन्हाचा. आपल्याकडचा उन्हाळा उघड्यावर सुती दोऱ्याला झेपत नाही. नायलॉनचा दोरा दिसायला दणकट, पण उन्हात तोही जातो. जाड पॉलिएस्टरचाच घ्या, आणि बॉबिनमध्येही तोच भरा. खाली उरलासुरला सुती भरायची सवय शिंप्यांनाही असते. सुई १६ किंवा १८ नंबरची, इंचाला सात-आठ टाके. त्याहून बारीक टाक्यांनी कॅनव्हासला भोकांची रांग पडते आणि ताण आला की तो तिथेच फाटतो.

दोरा अखंड आणि कापडाचे धागे सुटलेले, असं असेल तर शिवणीत कापड कमी सोडलंय. अर्धा इंच हवंच. दोन्ही वेळा जुना दोरा काढून टाका आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आतून नवी शिवण घाला.

नवं कव्हर बेतायचं तर १८ × १८ × ३ इंच फोमसाठी वरचा-खालचा तुकडा साडेअठरा इंचांचा कापा. शिवल्यावर तो साडेसतरा होतो. फोमपेक्षा अर्धा इंच लहान हवाच, नाहीतर महिन्याभरात कव्हरला झोळ पडतो. पुढून दोन्ही बाजूंना वळणारी पट्टी ४९ × ४ इंच. चेनसाठी २३ × अडीचच्या दोन पट्ट्या. चेन मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून थोडी वळली की फोम विनासायास आत जातो. ५४ इंच पन्ह्याचं कापड ७० सेंटिमीटर पुरतं, पायपिंगसह एक मीटर घ्या. झोपाळा पावसात भिजत असेल तर खालचा तुकडा जाळीचा लावा, कारण साधा फोम पाणी धरून ठेवतो. खरं तर पावसाळ्यात गाद्या घरातच बऱ्या.

प्रश्न : सोफ्याचं सुती कव्हर पहिल्याच धुण्यात आटलं. बसताना सारखं सरकतंही. (शिरपूर)

उत्तर : कापण्याआधी सगळं कापड धुवायला हवं होतं, आणि पायपिंगची सुती दोरीही, ती आटली की कड चुणते. नव्या कापडाच्या तुकड्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून धुऊन बघा. तो ४८ भरला, तर १८० सेंटिमीटरच्या बैठकीला सात सेंटिमीटर कमी पडणार. सरकण्यावर उपाय म्हणजे बैठक आणि पाठ यांच्या फटीत खोचायला सहा इंच जादा कापड. ते खोचल्यावर वर्तमानपत्राची घट्ट सुरळी फटीत दाबून बसवा.

प्रश्न : घरचा कापूस आहे. फोमऐवजी तोच भरला तर? (चोपडा)

उत्तर : घरातल्या बैठकीला जरूर भरा, अंगणातल्या नको, ओल धरली की बुरशी येते. सरकीसकट मात्र भरू नका, उंदीर लागतात. जिनिंगची रुई पिंजून घ्या, आणि भरून झाल्यावर दर सहा इंचांवर आरपार टाचे घाला. नाहीतर कापूस कडांना सरकतो आणि मधे नुसतं कापड उरतं.