घरच्यांचं ऐकलं नाही, अनोळखी काकांचं कसं पटलं?

प्रश्न: गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. फिजिओथेरपी चालू आहे पण मी पार वैतागलो होतो, गुडघा 110 अंशांच्या पुढे वाकतच नव्हता, रोज तेच तेच व्यायाम, घरी सगळ्यांवर चिडचिड. महिन्याभरापूर्वी शेजारच्या बेडवर एक काका यायला लागले. त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, उजवा हात धड चालत नाही, म्हणून शर्टाची बटणं लावायची प्रॅक्टिस देतात. एकेका बटणाला पाच पाच मिनिटं लागायची आणि निसटलं की "पळालं लेकाचं" म्हणून स्वतःच हसायचे. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तिसऱ्यापर्यंत आलो. चौथं उद्या." बस, एवढंच. उपदेश वगैरे काही नाही. पण त्या दिवसापासून मी कोणी न सांगता व्यायाम करायला लागलो. आता बायको म्हणते, आम्ही एवढे महिने कानीकपाळी ओरडत होतो ते ऐकू आलं नाही आणि कोण कुठला माणूस एक वाक्य बोलला की लगेच पटलं? तिला काय सांगू? आणि काकांची वेळ बदलल्यामुळे आता भेट होत नाही, माझा उत्साह परत उतरायला लागलाय. तो टिकवायचा कसा?
(नाव छापू नये ही विनंती)

उत्तर: आधी बायकोचं बघू, ते जास्त अर्जंट दिसतंय. तिला पहिलं सांगा की तुझं बरोबर होतं. घरचं माणूस "व्यायाम कर" म्हणतं ना, तेव्हा त्याच्यासोबत तिची काळजी, तिची दमणूक, कालचं भांडण, परवाचा टोमणा सगळं चिकटून येतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात फक्त हुकूम ऐकू येतो. जॅक ब्रेहम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये याला 'रिॲक्टन्स' असं नाव दिलं. म्हणजे आपलं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस मुद्दाम उलटं वागतो, भले त्यात स्वतःचंच नुकसान का असेना. काकांना तुमच्याकडून काही नकोच होतं. ते स्वतःच्या बटणाबद्दल बोलत होते, तुम्ही गुडघा वाकवला काय न वाकवला काय, त्यांना फरक पडत नव्हता, म्हणून तुम्हाला अडून बसायला जागाच राहिली नाही.

आता मला यातली जास्त इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट. तुम्हाला वाटतंय की काकांचं हसणं तुमच्यात आलं. थोडं आलं असेलही, समोरच्याचा चेहरा, आवाज आपण नकळत उचलतो आणि मूडही तसा होतो, पण ते समोर माणूस असेपर्यंत. तो गेला की उतरतं, त्यात तुमचं काही चुकत नाहीये. टिकण्यासारखी गोष्ट त्यांच्या वाक्यात आहे. मार्टिन सेलिगमन यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय, वाईट काही घडलं की माणूस स्वतःला ते कसं समजावतो यावर. हे कायमचंच आहे आणि सगळीकडेच असं आहे असं म्हणणारा लवकर हात टेकतो, आणि हे आजपुरतं, एवढ्यापुरतं आहे असं म्हणणारा परत प्रयत्न करतो. आता तुमचं पत्र वाचा. "वाकतच नव्हता." त्यातला 'च' बघा! "तेच तेच", तिथेही च. आणि काका? आज तिसरं, उद्या चौथं. आज आणि उद्या, विषय संपला.

शिवाय हे नुसतं मनाचं समाधान नाहीये बरं का. पॅरालिसिसनंतर तीच हालचाल पुन्हा पुन्हा केल्यानेच मेंदू नवीन रस्ते बनवतो, त्यामुळे निसटलेलं बटणही ट्रीटमेंटमध्येच धरायचं.

तेव्हा एक वही करा आणि रोजचे अंश लिहा. 110, 110, 111, जे असेल ते. बायकोलाही सांगा की "केलास का व्यायाम" ऐवजी "आज किती" एवढंच विचार, दोघांचंही बीपी ठीक राहील. मात्र पाच महिन्यांनी गुडघा अजून 110 लाच अडकलेला असेल तर सर्जनना दाखवून घ्या, आत काही अडत असेल तर त्याला पॉझिटिव्ह ॲटिट्यूड पुरणार नाही.

आणि प्लीज, "काकांचं बघ, त्यापुढे माझं काय आहे" हे स्वतःला सुनावत बसू नका, त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग स्वतःच्या दुखण्याचीच लाज वाटायला लागते. तुम्ही त्यांना रोज अर्धा तास बघितलंत, घरी तेही वैतागत असतील, कोणास ठाऊक.

शेजारच्या बेडवर आता जो कोणी येत असेल त्याच्याशी बोला. अवघडल्यासारखं होईल असं वाटतंय ना, सगळ्यांनाच वाटतं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी 2014 मध्ये शिकागोच्या ट्रेन-बसमधल्या लोकांवर प्रयोग छापला होता, काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. लोकांचा अंदाज होता की गप्प बसलेलं बरं, पण बोललेल्यांचाच प्रवास जास्त चांगला झाला.

आणि काकांसाठी तुमच्या फिजिओकडे एक निरोप ठेवा की. चौथं बटण लागलं का ते मलाही कळवा.